मामा, तुम्ही आधी आईला विचारलंत

प्रिय मामांस,
साष्टांग नमस्कार.

नाव लिहायचं नाही, गल्ली सांगायची नाही, असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं 'मामा'. ओळखणारे ओळखतीलच. सोलापुरात व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या ट्यूबच्या, यंत्राला अजून हात लावणारी माणसं उरलीत किती? गाणी ऐकायचं यंत्र निवडून दिल्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. आईने बांधून दिलेल्या शेंगाचटणीतलीही निम्मी "एवढी कशाला" म्हणत परत केलीत. हे पत्र तरी ठेवून घ्या.

आधी थोडं इतरांबद्दल लिहितो. आभाराच्या पत्रात राग नसावा म्हणतात, पण माझा अजून उतरलेला नाही, आणि तो लिहिल्याशिवाय तुम्ही काय केलंत ते वाचणाऱ्यांना कळायचं नाही.

प्रीअ‍ॅम्प (रेकॉर्डचा सिग्नल स्पीकर चालवणाऱ्या पॉवर अ‍ॅम्पकडे पोचवणारं, आवाज कमी-जास्त करणारं यंत्र) घ्यायचा तर ट्यूबचाच, आणि घ्यायचा तर चांगला, हे माझं फार जुनं ठरलेलं. नोकरी संपली, पोरं मार्गाला लागली, फंडाचे पैसे हातात आले, तेव्हा त्यातला एक वाटा मी यासाठी बाजूला काढला. बायकोने कपाळाला हात लावला, पण अडवलं नाही. मग सुरू झाली शोरूमची वारी. एका शहरातल्या गुळगुळीत दुकानात विचारलं, घरी लावून दाखवाल का? पत्ता ऐकून तिथला पोरगा म्हणाला, "सोलापूर? तिकडे असलं कोण ऐकतं?" मल्लिकार्जुन मन्सूरांपासून भीमसेन जोशींपर्यंत ज्यांची गाणी आमच्या बापजाद्यांनी सतरंजीवर मांडी घालून पहाटेपर्यंत ऐकली, त्या गावाबद्दल हे! दुसऱ्याने माहितीपत्रकांचा ढीग पाठवला आणि 'उद्या शेवटची तारीख' असे निरोप. तारीख दर आठवड्याला शेवटचीच असायची.

तिसरा मात्र घरी आला. अनामत घेऊन यंत्र लावून गेला. अमेरिकेत बनलेलं, देखणं, पुढे जाड अ‍ॅल्युमिनियमची पाटी, आत बाराएक्स जातीचे, म्हणजे १२एएक्स७चे व्हॉल्व्ह. किंमत इथे लिहीत नाही, नातेवाईक वाचतात. एका गायिकेची रेकॉर्ड लावली, सगळे कौतुकाने बसले, आणि पहिलं गाणं संपायच्या आत आई म्हणाली, "गुणगुण येतीय रे. आणि बाई डावीकडं सरकून बसलीय."

त्यावर तो हसला. म्हणाला, "आजी, ट्यूब म्हटली की थोडं हम् असायचंच, तो तिचा स्वभाव आहे." मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून, "या वयात कानात आवाज येतात हो." आईचे कान अजून एवढे तयार आहेत की तेही तिने ऐकलं. काही बोलली नाही. उठली, आत गेली, आणि पुढे कितीतरी दिवस रेकॉर्ड लावली की तिला नेमकं आतलं काम आठवायचं.

मामा, तुम्हाला माहीत नसेल, आई आयुष्यभर बिड्या वळत आली. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, तेंदूची पानं, आणि कोनाड्यात व्हॉल्व्हचा रेडिओ. पहाटेपासून रात्रीपर्यंत हात बिडीवर आणि कान रेडिओवर. व्हॉल्व्ह जायच्या आधी आवाज कसा घोगरा होतो ते घरात तिला पहिलं कळायचं; वडील दुरुस्तीला न्यायचे आणि मेकॅनिक म्हणायचा, वहिनींनी बरोबर सांगितलं. त्या बाईला त्या इस्त्रीच्या शर्टाने वय सांगितलं.

तर असं सगळं झाल्यावर तुम्ही आलात. मोपेडवर, पायाशी पत्र्याची पेटी. चपला दाराबाहेर काढल्यात, पाणी प्यायलात आणि मला एकच प्रश्न केलात, "पॉवर अ‍ॅम्पचा इनपुट इम्पिडन्स किती?" मी पुस्तिका काढून दाखवली, आत येणाऱ्या सिग्नलला तिथे होणारा अडथळा दहा हजार ओहम. तुम्ही 'हं' केलंत. एवढ्या शोरूममधून फिरलो, हे कुणी विचारलं नव्हतं.

मग तुम्ही खोलीत नजर फिरवलीत आणि म्हणालात, "रोज कोण ऐकतं हितं?" मी म्हटलं, आम्ही सगळेच, पण खरं म्हणजे आई. "मग अक्का कुठायत?" तुम्ही स्वतः स्वयंपाकघराच्या दारापाशी गेलात. आत न जाता उंबऱ्याबाहेरूनच म्हणालात, "अक्का, जरा बाहेर या की. माझे कान टॉकीजमध्ये गेले, तुमचे चांगलेत म्हणं." मग तिची वेताची खुर्ची दोन्ही हातांनी उचललीत, दोन स्पीकरच्या बरोब्बर मधोमध, मागे घेऊन ठेवलीत, बसून बघितलंत, उठलात, आणि आणखी वीतभर मागे सरकवलीत. तिला बसवलंत. स्वतः खाली फरशीवर बसलात. रेकॉर्ड लावलीत, माणिक वर्मांची, आणि पहिली बाजू संपेपर्यंत कुणाशी एक शब्द बोलला नाहीत. मला बोलू दिलं नाहीत.

बाजू संपल्यावर तुम्ही विचारलंत, "काय ऐकू आलं अक्का?"

आई म्हणाली, तेच पुन्हा. गुणगुण. आणि बाई डावीकडे.

"बरोबर हाय," तुम्ही म्हणालात. "दोन्ही बरोबर हाय."

बाकी तुम्ही जे केलंत त्याची किंमत मला कळते, पण हे पत्र मी त्या दोन शब्दांसाठी लिहितोय. आईच्या चेहऱ्याकडे तुमचं लक्ष नव्हतं, तुम्ही पेटी उघडत होता. माझं होतं.

गुणगुण कुठून येत होती ते तुम्ही शोधलंत. यंत्र ११७ व्होल्टचं, त्यासाठी दुकानदाराने दिलेला स्टेप-डाऊन, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा, ट्रान्सफॉर्मर दोन पिनांचा, म्हणजे अर्थ पुढे जायला वाटच नाही. त्यात आमच्या अंगणातला अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात ठणठणीत कोरडा. तुम्ही सुनेला सांगितलंत, दोन बादल्या पाणी ओत त्यात. ती हसत सुटली, तिला वाटलं चेष्टा. तिकडे साठ हर्ट्झवर चालायला बनवलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या पन्नास हर्ट्झवर जास्त तापतो, आणि सोलापूरचा उन्हाळा त्रेचाळीसला टेकला की तो आतल्या आत भाजत राहतो, हे तुम्ही हात ठेवून दाखवलंत. 'ट्यूबचा स्वभाव' तासाभरात बराचसा सुधारला.

आणि बाई डावीकडे का? ते तर मला अजून आठवून हसू येतं. सीडी प्लेअरमधून निघणारा सिग्नलच सुमारे २ व्होल्टचा. माझ्या पॉवर अ‍ॅम्पला पूर्ण ताकदीसाठी दीड व्होल्ट पुरतात. मॅग्नेट सुईचा सिग्नल जेमतेम ५ मिलिव्होल्ट, पण त्याला वेगळी फोनो स्टेज, म्हणजे सुईचा सिग्नल वाढवणारा भाग, आहेच, ती शंभरपट वाढवून देते. "मग आणि वीसपट कशाला वाढवलालाव मालक?" तुम्ही म्हणालात. १२एएक्स७चा गुणक, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायची ताकद, शंभर, तो गिटारच्या अ‍ॅम्पला शोभतो, फोनोला शोभतो; साध्या लाइन स्टेजला, म्हणजे फोनोच्या पुढच्या भागाला, १२एयू७ किंवा जुना ६एसएन७ पुष्कळ, त्यांचा गुणक वीसच्या आसपास, आणि तोही सगळा वापरायची गरज नाही. जास्तीच्या गेनमुळे, म्हणजे वाढीमुळे, आवाजाचा नॉब घड्याळाच्या काट्यासारखा आठ-नऊ वाजण्याच्या पुढे नेताच येत नव्हता, आणि तिथे तळाशी नॉबमागच्या पोटेन्शिओमीटरच्या डाव्या-उजव्या पट्ट्या एकमेकींशी जुळत नाहीत. म्हणून माणिकबाई डावीकडे. आईने नॉबकडे पाहिलंही नव्हतं.

निवड करताना तुम्ही मला एकही ब्रँड सांगितला नाहीत, हे मुद्दाम लिहितो, कारण मी खूप खोदून विचारलं होतं. मी मरांट्झ ७ आणि मॅकिंटॉश सी२२ या जुन्या प्रीअ‍ॅम्पची नावं घेतली तर म्हणालात, थोर यंत्रं, पण साठ वर्षांपूर्वीची, आता आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, बदलून देणारा शोधत फिरशील. ट्रान्झिस्टरने सगळीकडून व्हॉल्व्ह हुसकावले, त्यानंतर १९७०मध्ये ऑडिओ रिसर्च आणि १९७७मध्ये कॉनरॅड-जॉन्सन या कंपन्या व्हॉल्व्ह घेऊनच उभ्या राहिल्या, त्यांचंही तुम्हाला कौतुक आहे. तरी सांगितलंत ते एवढंच: २३० व्होल्टचंच घे. आउटपुट इम्पिडन्स पॉवर अ‍ॅम्पच्या दहाव्या हिश्शाच्या आत, म्हणजे तुझ्याकडे हजार ओहमच्या खाली. नाहीतर डग्ग्याचं अंग उतरतं. आउटपुटला लावलेला कपॅसिटर किती मायक्रोफॅरडचा आहे ते बघ. पाऊण-एक मायक्रोफॅरडपेक्षा बराच लहान असेल तर दहा हजार ओहमपुढे तो खालचे सूर खाणार. व्हॉल्व्ह असे निवड की जे आजही स्लोव्हाकिया, रशिया, चीनमध्ये बनतात. कपाटात कोंडू नको. आणि शेजारच्या बोळात यंत्रमाग आहेत, तेव्हा आधी पेन्सिलीने व्हॉल्व्हवर टकटक करून बघ.

ती टकटक! स्पीकरमधून घंटेसारखं 'टिंग' आलं तेव्हा नातू दचकला. मागांची धडधड जमिनीतून चढून व्हॉल्व्हच्या आतल्या जाळ्या हलवते आणि ते गाण्यात मिसळतं, हे कुठल्या माहितीपत्रकात छापलेलं असतं? उपाय म्हणून तुम्ही अंगणातली पडून असलेली शहाबादी फरशी उचलायला लावलीत, तिच्याखाली रबराचे चार ठोकळे. परदेशी लोक याच कामासाठी विकत घेतात त्या पाट्यांच्या किमती मी पाहिल्या आहेत. आमची फुकट पडली.

शेवटी घरात दोन यंत्रं होती, ते देखणं आणि एक साधं, काळ्या पत्र्याचं, ६एसएन७चं, २३० व्होल्टचं, किंमत जवळजवळ निम्मी. माझा जीव अर्थातच देखण्यात. तुम्ही काय केलंत, आईकडून एक सोलापुरी चादर मागितलीत आणि दाराच्या चौकटीला पडद्यासारखी बांधलीत. यंत्रं पलीकडे, आम्ही अलीकडे. दोन्हींचा आवाज मीटर लावून एकसारखा केलात, कारण "जरा मोठा वाजला की तोच बरा वाटतो, माणसाचं असंच असतंय". मग एकदा हे, एकदा ते. आईने दर वेळी एकच उत्तर दिलं: "ह्यात जवळ बसलीय." जवळ बसलेली दर वेळी काळ्या पत्र्यातच निघाली. मीही तेच निवडत होतो, चादर होती तोवर.

देखणं परत गेलं. अनामत परत मिळवायला जे काय करावं लागलं ते लिहायला बसलो तर दुसरं पत्र होईल.

तुमच्याकडे असलेली बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सची ती पिवळसर खोकी पाहिली तेव्हा मला कळलं की आपल्या देशात १९६१पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनत होते. टॉकीजच्या प्रोजेक्टर खोलीत अख्खी उमेद घालवलीत तुम्ही. पडद्यामागच्या भोंग्यांना आवाज पुरवणारे अ‍ॅम्प्लिफायर चालू ठेवायचे, शो बंद पडू द्यायचा नाही, आणि पडलाच तर खालच्या पब्लिकच्या शिट्ट्या खायच्या. तिथे ऐकून घ्यायची सवय लागली असेल का? मला वाटतं, तुमच्या अंगातच ती असणार. मी अशी माणसं आणखी पाहिली आहेत. आमच्या भागातली एक नर्स, इंजेक्शन द्यायच्या आधी पेशंटला विचारते, कुठल्या हाताला देऊ. एसटीचे एक कंडक्टर, म्हातारी चढेपर्यंत घंटी ओढत नाहीत, आणि तिने पदराची गाठ सोडून सुटे मोजेपर्यंत दुसरीकडे बघत उभे राहतात. यांच्यापैकी कुणाच्या शर्टावर कंपनीचं नाव नसतं. त्या तिघा दुकानदारांनी जगातलं सगळं तांत्रिक शिकून घेतलं होतं, खुर्चीवर बसलेल्या बाईला काय ऐकू येतंय तेवढं विचारायचं राहिलं.

आता कामाचं. तुम्ही 'असू दे जवळ' म्हणून दिलेली जादा जोडी मी तुमच्याच खोक्यात ठेवली आहे, वापरलेली नाही. सध्याच्या जोडीतला उजवा व्हॉल्व्ह पेन्सिलीला अजून किंचित वाजतो, डावा नाही. तो बदलू, की दोन्हींच्या जागा अदलाबदल करून आधी बघू? यंत्र बंद केल्यावर आतल्या कपॅसिटरमध्ये दोन-अडीचशे व्होल्ट साठून राहतात असं तुम्ही दम देऊन सांगितलंय, त्यामुळे वरचं झाकण मी उघडणार नाही, व्हॉल्व्ह बाहेरूनच निघतात तेवढेच काढेन. अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी घालायचं काम आईने स्वतःकडे घेतलंय, तुळशीला घालते तेव्हाच घालते.

रविवारी सवड असेल तर या. आई बाजरीची कडक भाकरी करणार आहे, आणि या वेळची चटणी परत घेणार नाही म्हणालीय.

आपला भाचा