मठाच्या दारावरच्या ब्रदरांना

प्रिय ब्रदर,
सप्रेम नमस्कार.

नाताळआधीचा नवा आगमनकाळ सुरू व्हायच्या आत तुम्हाला हे पत्र लिहायचं ठरवलं होतं. मठात प्रवचनं देणारे वेगळे, पाहुण्यांना आध्यात्मिक मार्गदर्शन करणारे वेगळे. तुम्ही दार उघडता, निरोप पोचवता, आल्यागेल्याची विचारपूस करता. पण प्रभूची वाट कशी पाहायची हे मला तुमच्याकडून कळलं. ते चारचौघांना कळावं, म्हणून पत्र उघडं लिहितो आहे.

आगमनकाळ म्हणजे नाताळची तयारी, असंच मी लहानपणापासून धरून चाललो होतो. तुम्ही कॅलेंडर पुढे ठेवून त्याचे दोन भाग दाखवलेत. ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी चर्चचं नवं उपासनावर्ष सुरू होतं. तिथून १६ डिसेंबरपर्यंत उपासनेचा रोख मुख्यतः युगाच्या अंती गौरवाने येणाऱ्या ख्रिस्ताकडे असतो, आणि बेथलेहेम जवळ येतं ते १७ तारखेपासून. म्हणून तर बायबलच्या वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रातलं कोणतंही वर्ष चालू असो, पहिल्या रविवारचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातला उतारा, जागं राहायला सांगतं. त्यांपैकी मार्कने लिहिलेला उतारा तुमचा खास आवडता. घरधनी परदेशी जातो, दासांना ज्याचं त्याचं काम नेमून देतो आणि द्वारपालाला जागं राहण्याची आज्ञा करतो. तो वाचून झाल्यावर तुम्ही म्हणालात, "ही माझी नेमणूक." किती आनंदाने म्हणालात!

मठात कसं राहावं हे सांगणाऱ्या संत बेनेडिक्टांच्या नियमग्रंथात ७३ अध्याय आहेत. त्यांत ईस्टरआधीच्या उपवासकाळावर स्वतंत्र अध्याय आहे, आगमनकाळावर एकही नाही. तरी आगमनकाळासाठी वाचायला काय घेऊ असं विचारल्यावर तुम्ही मला ६६ वा अध्याय काढून दिलात, मठाच्या द्वारपालाचा. दारावर वयाने पोक्त, समंजस माणूस असावा, त्याची खोली दाराजवळच असावी, म्हणजे येणाऱ्याला कोणीतरी नक्की भेटेल. कोणी दार ठोठावलं किंवा एखाद्या गरिबाने हाक दिली, की त्याने लगेच "देवाचे आभार" म्हणावं किंवा आशीर्वाद मागावा, आणि मग देवाचं भय बाळगून, पूर्ण सौम्यतेने, प्रेमाच्या ऊबेने उत्तर द्यावं. कोण आलंय, काय मागणार आहे, हे कळायच्या आधीच आभार. ५३ व्या अध्यायात सांगितलंच आहे की येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचं स्वागत ख्रिस्ताचंच म्हणून करावं. मग आगमनकाळाचा वेगळा अध्याय हवाच कशाला, असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं.

तुम्ही नंतर दिलेलं संत बर्नार्ड यांचं प्रवचन याच वाटेवरचं होतं. बाराव्या शतकातल्या, सिस्टर्शियन संन्यासी संघाच्या या मठाधिपतींनी प्रभूची तीन आगमनं सांगितली. पहिलं देहात आणि दुर्बलतेत, शेवटचं गौरवात आणि वैभवात, आणि त्या दोहोंच्या मधलं, डोळ्यांना न दिसणारं, आत्म्यात आणि सामर्थ्यात. पहिलं होऊन गेलं, शेवटचं कधी ते पिता जाणतो. मधलं मात्र आज होऊ शकतं, माझ्याकडे. ते व्हावं म्हणून काय करायचं, याचं बर्नार्ड यांचं उत्तर अगदी घरगुती आहे: अन्न सांभाळता तसं देवाचं वचन सांभाळा, पण साठवणीत नव्हे, पोटात जाऊ द्या.

त्यासाठीच तुम्ही मला बायबलमधलं यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचायला लावलात. आगमनकाळात मठांतून पिढ्यान्‌पिढ्या यशयाच वाचला जातो. दिवसाला थोड्याच ओळी, पुटपुटत, एखाद्या शब्दापाशी मन अडलं की तिथेच थांबून. वाचन, मनन, प्रार्थना, ध्यान ही गीगो नावाच्या, एकांतात राहणाऱ्या कार्थुशियन संघातल्या संन्याशाने मांडलेली चार पायऱ्यांची शिडी तुम्ही सांगितलीत खरी, पण पायऱ्या मोजत बसू नका असंही लगेच बजावलंत. त्याबद्दल विशेष आभार.

मठातली रात्र मला घरी नेणं शक्य नव्हतं. १ नोव्हेंबरपासून ईस्टरपर्यंत रात्रीच्या आठव्या तासाला, म्हणजे पहाटे दोनच्या सुमारास, उठावं, दिवा सकाळपर्यंत तेवत ठेवावा, उठायला तयार राहता यावं म्हणून अंगावरच्या कपड्यांनिशी झोपावं, हे सगळं नियमग्रंथात आहे. मी त्याकडे आशेने पाहत होतो. तुम्ही मला त्यातलं एकच काम दिलंत: रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेनंतर सकाळपर्यंत मौन, फोनसकट. आणि मग विचारलंत, घरी रात्री कोण हाक मारतं?

वडील मारतात. अंथरुणाला खिळल्यापासून त्यांना रात्रीतून कितीदा तरी पाणी हवं असतं, कूस बदलून हवी असते, कधी नुसतं कोणी आहे का ते बघायचं असतं. तुम्ही म्हणालात, मौन त्यांच्यासाठी मोडायचं, आणि उठायच्या आधी द्वारपालाचे शब्द म्हणायचे. ब्रदर, गेल्या आगमनकाळात मी ते केलं. हाक आली की अंधारातच "देवाचे आभार", मग पाय जमिनीवर. झोप कमी झाली, ती तशीच कमी राहिली. पण त्या खोलीत मी कोणाकडे चाललो आहे हे मला माहीत होतं. एवढं देणारं दुसरं कोणी मला भेटलं नाही.

१७ ते २३ डिसेंबरच्या सायंप्रार्थनेत येशूची आई मरिया हिच्या गीताआधी म्हणतात त्या, "हे" या हाकेने सुरू होणाऱ्या सात प्रार्थना आता आम्ही घरी म्हणतो. मध्ययुगात काही मठांतून "हे इशायाच्या मुळा" (इशाय म्हणजे दाविद राजाचा बाप) ही बागेची देखभाल करणारा सुरू करी आणि "हे दाविदाच्या किल्ली" ही भांडाराच्या किल्ल्या सांभाळणारा, हे तुम्ही सांगितलेलं वडिलांना फार आवडलं. २० तारखेची किल्लीची प्रार्थना त्यांनी स्वतःकडे घेतली आहे. अंधारात आणि मृत्यूच्या छायेत बसलेल्याला बाहेर काढ, अशी तिची मागणी आहे, आणि ती त्यांना स्वतःच्या आवाजात करायची असते.

यंदा त्यांचा आवाज बराच खोल गेला आहे. २० तारखेला तुमच्या प्रार्थनाघरात ती प्रार्थना सुरू होईल तेव्हा त्यांच्या वतीनेही म्हणा, एवढी विनंती. तुमच्या गुडघ्यांचं दुखणं आता कसं आहे तेही कळवा.

तुमचा कृतज्ञ,
मठात आलेला एक पाहुणा