जेरोमला मी गप्प का होतो

॥ श्री शांतादुर्गा प्रसन्न ॥

डिचोली,
ता. 14 जून

चि. बाय हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू तीनदा विचारलंस आणि तिन्ही वेळा मी विषय बदलला. अमेरिकेत, अ‍ॅरिझोनाच्या सहलीत, जेरोम गावी त्या संध्याकाळी बाबा गप्प का झाले? पाय दुखत होते, उंचीचा त्रास झाला, की तुझं काही बोलणं लागलं? फोनवर मला असलं बोलता येत नाही. तुझी सकाळ ती आमची रात्र, साडेबारा तासांचा फरक, त्यात आई शेजारी बसून मधेच आपलं घालते. म्हणून लिहितो. कालपासून पाऊस लागून राहिलाय, वीज गेलीय, दुसरं काही काम नाही.

पण एकदम जेरोमवर गेलो तर तुला कळायचं नाही. आधी एक कबुली देतो. पहिले दोन दिवस मी तुला फार पिडलं. फिनिक्स सोडल्यापासून एकच धोशा, किती किलोमीटर राहिले, किती वाजता पोचू, इथे कशाला थांबलीस. शेवटी तू म्हणालीस, "बाबा, आज तुम्हाला ट्रिपचे पैसे कोणी देणार नाहीये." आई हसली, मीही हसलो. खरं सांगू, मला ते बरोबर बसलं.

सव्वीस वर्षं मी टिपर चालवला. खाणीवरून भरून सारमानसच्या जेटीवर, तिथे ओर, म्हणजे लोखंडाची कच्ची माती, खाली करून रिकामा परत. पैसे टनावर, म्हणजे जितक्या ट्रिपा तितकी भाकरी. त्या रस्त्याच्या दुतर्फा काय होतं असं मला विचारशील, तर पुढच्या ट्रकाचा फाळका आणि धूळ, एवढंच आठवतं. तुला शाळेत सोडायलाही मी कधी आलो नाही, कारण त्या वेळात एक ट्रिप होत होती. तेव्हा तू रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून एका निवडुंगाकडे वीस मिनिटं बघायला लावलंस, तेव्हा माझा उजवा पाय नसलेल्या अ‍ॅक्सिलरेटरवर दाबला जात होता.

तो निवडुंग मात्र डोक्यातून जात नाही. सग्वारो म्हणालीस ना? त्याला बाजूचा पहिला हात फुटायला पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात म्हणे. म्हणजे मी जन्मलो तेव्हा उगवलेल्याला आत्ता कुठे कोंब येत असेल. अंगावर त्या उभ्या चुण्या, पाऊस पडला की पाणी पिऊन फुगायच्या. आई म्हणाली, "छत्रीसारखो दिसता." आमच्याकडे चार महिने छत्री उघडी, त्याची बारा महिने मिटलेली.

आता तुझ्या त्या गावांचं. क्वार्ट्झसाइट हे काय गाव आहे गो? घरं मोजकी आणि माळरानभर चाकांवरची घरं, थंडी टाळायला उत्तरेकडून उतरलेली म्हाताऱ्यांची जत्रा. आणि स्मशानात तो दगडांचा पिरॅमिड, शेंड्यावर उंट. हाजी अलीची कबर. मुंबईचा हाजी अली सोडून जगात दुसरा असेल असं वाटलं नव्हतं. 1856 साली अमेरिकन फौजेने वाळवंटात सामान वाहायला उंट आणले, त्यांच्याबरोबर हा आला. लोकांना नाव म्हणता येईना, म्हणून त्याचं केलं "हाय जॉली". उंटांचा खेळ काही वर्षांतच आटोपला, हा तिथेच राहिला, 1902 साली तिथेच गेला. पुढे रस्ते खात्याने त्याच्यावर हे स्मारक बांधलं. रस्ते खातं कुणाचं स्मारक बांधतं, हे मला फार आवडलं. आपल्याकडे ते खड्डेसुद्धा बुजवत नाही.

पार्करच्या अलीकडे पाऊस शिंपडला ते आठवतं? तू काचा खाली केल्यास. मी म्हटलं, पहिल्या पावसाच्या मातीचा वास. तू म्हणालीस, माती नव्हे, हे झुडूप, क्रिओसोट, पाऊस लागला की त्याच्या पानांचा असा वास सुटतो. डांबर आणि कापूर एकत्र जाळल्यासारखा. मातीला वास नाही आणि झाडाला आहे, असा उलटा देश.

लेक हवासूच्या पुलावर मी तुझ्याशी वाद घातला, तो मागे घेतो. मला वाटलं तू थट्टा करतेस. पण खरंच लंडनच्या थेम्स नदीवरचा 1831 सालचा पूल एका माणसाने 1968 मध्ये 24 लाख 60 हजार डॉलरना विकत घेतला, दगडांवर आकडे टाकून समुद्रापार आणला आणि इथे उभा केला. आत काँक्रीट, बाहेरून ते जुने दगड. त्यातही मजा अशी की पूल आधी कोरड्या जमिनीवर बांधला आणि मग त्याच्याखालून पाणी काढलं. आमचा मांडवीवरचा पूल 1986 च्या जुलैत कोसळला तेव्हा आम्ही पणजीला फेरीबोटीच्या रांगेत तासन् तास उभे होतो. नदी होती, पूल नव्हता. यांच्याकडे पूल होता, नदी नव्हती. आईला मी हे तिथेच सांगितलं, तिला काही हसू आलं नाही.

ओटमनचा घाट मात्र मला माझा वाटला. सिटग्रीव्ह्ज पास, 3,550 फूट. आपल्या चोर्ला घाटाची झाडं कापून काढली आणि कठडे उपटून टाकले तर असाच दिसेल. चाळीस फुटांहून लांब गाडीला बंदी अशी पाटी बघितली आणि मी पहिल्यांदा सीटवर सरळ बसलो. तिथे तू सांगितलंस की जुन्या काळी फोर्डची मॉडेल टी गाडी हा चढ उलटी चढायची. तू ते गंमत म्हणून सांगितलंस, पण त्यात मेख आहे. त्या गाडीला पेट्रोलचा पंपच नव्हता, टाकी सीटखाली, पेट्रोल उताराने इंजिनात उतरायचं. नाक वर झालं की इंजिन टाकीच्या वर जातं आणि गाडी उपाशी मरते. शिवाय रिव्हर्स गिअरला ताकद जास्त. मग पाठ फिरवून चढा. ज्याला पहिल्यांदा हे सुचलं तो नक्की आमच्यातलाच कोणी ड्रायव्हर असणार.

आणि ती गाढवं! भर रस्त्यात उभी, गाडीच्या काचेत तोंड घालणारी. खाणवाल्यांनी ओझ्यासाठी आणली, सोनं काढणं बंद झालं तशी सोडून दिली, आता त्यांची नातवंडं-पतवंडं पर्यटकांकडून हक्काने खातात. शिंगरांच्या कपाळावर "मला खायला घालू नका" असे कागद चिकटवलेले. आईने त्यातल्या एकाला विचारलं, "तुका कोणें लायलो रे हो?" आणि त्याने तिच्या पर्सला तोंड लावलं. तुझ्या मोबाइलमधला तो फोटो पाठव, आठवण करतो आहे. खाण बंद झाल्यावर गाव गाढवांवर जगलं असं तू म्हणालीस तेव्हा मी हसलो. पण तिथूनच माझ्या पोटात काहीतरी हलायला लागलं होतं.

सेलिगमनमध्ये ते वाढलं. 66 नंबरच्या त्या जुन्या रस्त्यावर, किंगमनपासून 140 किलोमीटर, मला वाटतं दहा गाड्याही आडव्या आल्या नाहीत. तू पन्नासच्या वेगाने चालवत होतीस आणि मी एकदाही काही बोललो नाही, हे तुझ्या लक्षात आलं होतं का? सेलिगमनला ते हॉटेल, दाराला खोट्या मुठी, मोहरीच्या बाटलीतून पिवळी दोरी उडते आणि माणूस किंचाळतो. तुझी आई किंचाळली. पण मला त्या केस कापणाऱ्या एंजल डेल्गाडिलोंचं दुकान लक्षात राहिलं. 22 सप्टेंबर 1978 ला नवा हायवे गावाबाहेरून सुरू झाला आणि एका दिवसात गावातून गाड्या बंद झाल्या. कालपर्यंत रस्ता ओलांडायला थांबावं लागायचं, आज रस्त्यात झोपलं तरी चालेल. त्या माणसाने नऊ वर्षं वाट पाहिली आणि 1987 साली चार लोक जमवून संघटना काढली, जुन्या रस्त्याला ऐतिहासिक म्हणून मान्यता मिळवली. हातात वस्तरा घेतलेला माणूस.

एका दिवसात गाड्या बंद. बाय, हे मला वाचून दाखवायची गरज नव्हती. 2012 च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या तेव्हा तू फर्मागुढीला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतीस. सकाळी उठलो तर आवाजच नाही. वर्षानुवर्षं तो घरघराट कानात बसलेला, तो नसला की माणसाला बहिरेपण आल्यासारखं होतं. आई म्हणाली, आज ओसरीवर धूळ नाही, आणि मग तीच रडली.

तर आता जेरोम. मिंगस डोंगरावरून वळणं वळणं उतरत तू आलीस (उतारावर गिअर खाली घेतलास, ब्रेकवर पाय ठेवून बसली नाहीस, मनातल्या मनात शाबासकी दिली होती), आणि डोंगराच्या कडेला टांगलेलं ते गाव. तांब्याची खाण. एकेकाळी पंधरा हजार माणसं राहत होती म्हणतात. जमिनीखाली लागलेली आग वर्षानुवर्षं विझेना म्हणून वरून डोंगर खोदायला घेतला, त्या सुरुंगांनी तुरुंगाची इमारत पायासकट सत्तर मीटर खाली सरकली आणि अजून तिथेच बसलीय. मालकाच्या बंगल्याच्या म्युझियममध्ये गावाचा तो नमुना, वर घरं आणि खाली बोगद्यांचं जाळं, मुंग्यांच्या वारुळासारखं. 1953 ला खाण बंद. पन्नास-शंभर माणसं उरली. मग चित्रं काढणारे, केस वाढवलेले लोक आले, पडकी घरं मातीमोल भावात घेतली, आणि आज खाणवाल्यांच्या घरांत काचेची फुलं विकतात.

इथवर मी ठीक होतो. गावाच्या वर तू आम्हाला जुन्या ट्रकांच्या त्या आवारात नेलंस. गवतात उभे केलेले ट्रक, कोंबड्या फिरताहेत, एक इंजिन तर चालू करून दाखवलं. तिथे एका ट्रकाच्या बॉनेटवर मी हात ठेवला. रंग उडालेला, पत्रा उन्हाने तापलेला. आणि मला आठवलं, मी तुझ्याशी खोटं बोललो आहे.

2018 च्या मार्चमध्ये खाणी दुसऱ्यांदा बंद झाल्या, तू तिकडे होतीस. फोनवर तू विचारलंस टिपरचं काय केलं, मी म्हणालो, विकला, बऱ्या भावात. बाय, तो विकला गेला नव्हता. फणसाखाली वर्षभर उभा होता, चाकांत वेल शिरले, मुंगसाने आत पिल्लं घातली. मग भंगारवाला आला, गॅस कटर घेऊन. अंगणातच कापला, दोन दिवस. पहिल्यांदा मागचा हौदा, मग केबिन. मी घरात बसून होतो, वासावरून कळत होतं की आता रंग जळतोय, आता ग्रीस. आलेले पैसे आठवडाभरही उरले नाहीत, बँकेचा हप्ता थकला होता. तुझ्या शिष्यवृत्तीतून तू त्या वर्षी पाठवलेले पैसे मी "घराच्या रंगाला लागले" म्हणालो होतो, ते कुठे गेले ते आता कळलं असेल. घराला रंग अजून नाही.

काचेवरच्या पट्टीवर तुझं नाव होतं, पेंटरकडून लिहून घेतलेलं, तू जन्मलीस तेव्हा. तेवढा पत्रा आईने भंगारवाल्याकडून मागून घेतला. पंपाच्या खोलीवर घातलाय. पुढच्या वेळी आलीस की दाखवतो, "बाय" एवढं अजून वाचता येतं.

त्यांनी आपले ट्रक ठेवले, आम्ही कापले, एवढंच त्या संध्याकाळी डोक्यात होतं. तुझं काही चुकलं नव्हतं. ते मिरचीचं सूपही बरं होतं.

दुसऱ्या दिवशी सेडोनाला तुम्ही दोघी तांबड्या डोंगरांचे फोटो काढत होतात आणि आई म्हणाली, "बाय, हो आमचोच डंप कसो दिसता गो!" खाणीबाहेर टाकाऊ मातीचा ढीग असतो ना, तो डंप. तुम्ही हसलात. पण ती बरोबर होती. तो रंग लोखंडाचाच, हेमटाइट, ज्याने माझे सगळे शर्ट गेले. तिथे लोक त्याच्याकडे बघायला पैसे मोजून येतात. मी एक खडा उचलला होता, तू म्हणालीस, इथून काही न्यायचं नसतं, आणि मी मुकाट्याने ठेवला.

मोपा विमानतळावरून घरी आल्यापासून मी स्कूटर घेऊन दोनदा जुन्या रस्त्याने जाऊन आलो, तुझ्या त्या पन्नासच्या नव्हे, वीसच्या वेगाने. सारमानसच्या वाटेवर एक मोठं आंब्याचं झाड आहे. चांगलं जुनं. सव्वीस वर्षांत मला ते दिसलं नव्हतं. दुसऱ्यांदा आईला घेऊन गेलो तर ती म्हणाली, हे तर पहिल्यापासून आहे, याच्याच कैऱ्या तू लहानपणी मागायचीस.

जावयांना आशीर्वाद सांग. त्यांना रजा मिळाली नाही, पुढच्या वेळी त्यांनाही ओटमनला ने. सोलं आणि आंब्याचं लोणचं तयार आहे, कोणी येणारं असलं तर कळव.

तुझा,
बाबा

ता. क. : पत्र बंद करता करता आईने कपाटातून पर्स काढली, आणि त्यातून काय निघालं सांगू? सेडोनाचा खडा. मी ठेवला त्याहून मोठा. "माका कोणें सांगलें ना," म्हणते. तुळशीपाशी आपल्या जुन्या ओरच्या ढेकळाशेजारी ठेवलाय. आजच्या पावसात ओरचं ढेकूळ पाणी तांबडं करून सोडतंय, तो मात्र तसाच. नखाने खरवडून बघितलं, आत नुसती रेती निघाली, लोखंड वरच्यावर साय धरल्यासारखं. आईला सांगितलं, जेटीवर नेला असता तर याचा भाव मिळाला नसता.