जामिनाच्या तारखेआधी बाबांना पत्र

इंग्लंड, शनिवार

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांस साष्टांग नमस्कार.

काकांकडून तुम्हाला माझ्या अटकेची अर्धवट बातमी कळली आणि आईने जेवण टाकले, असे ताईने कळवले. मी तुरुंगात नाही, माझ्यावर अद्याप आरोप ठेवलेला नाही आणि मी रोज कामावर जातो. फोन तपासासाठी पोलिसांकडे असल्यामुळे व्हिडिओ कॉल बंद आहे. तुम्हाला टाळतो आहे असे समजू नये. शेजाऱ्यांच्या गाडी लावण्यावरून झालेल्या मारामारीत मी सोडवायला गेलो होतो, इतकेच.

आपल्याकडे जामीन म्हटला की न्यायालय, जामीनदार आणि सातबारा डोळ्यांपुढे येतो. इथे चौकशी अपुरी असेल तर ठाण्यातूनच एक कागद हातात देऊन, एक पैसाही न घेता माणसाला घरी सोडतात आणि अमुक तारखेला अमुक वाजता आपल्या पायांनी परत या, असे सांगतात. आणि लोक खरोखरच जातात! न गेल्यास तो स्वतंत्र गुन्हा होतो. 2022 च्या दुरुस्तीनंतर पहिली मुदत साधारणपणे तीन महिन्यांची असते, वरिष्ठ अधिकारी ती नऊ महिन्यांपर्यंत वाढवू शकतात आणि त्यापुढे मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते. तारीख ऐन वेळी पुढे जाणेही नेहमीचेच, म्हणून आदल्या दिवशी वकीलबाई ठाण्यात चौकशी करणार आहेत.

मारहाण होईल का, असे आईने विचारले. जबाबाचे रेकॉर्डिंग होते आणि वकील शेजारी बसतात. ठाण्यातल्या सल्ल्याची फी, उत्पन्न कितीही असले तरी, द्यावी लागत नाही, तेव्हा त्यासाठी दागिने मोडू नका. त्या दिवशी पुन्हा जबाब घेतील, प्रकरण तिथेच मिटवतील, जामीन वाढवतील किंवा आरोप ठेवतील. शेवटची शक्यता लपवत नाही, पण वकीलबाईंना ती कमी वाटते. कोठडीत ठेवलेच तर आरोपाशिवाय साधारणपणे चोवीस तासांची मर्यादा असते आणि मागच्या वेळचे तास त्यातच धरतात.

जामिनाच्या अटीप्रमाणे पासपोर्ट जमा आहे, त्यामुळे ताईच्या साखरपुड्याला येता येणार नाही. हॉलची रक्कम पाठवली आहे. बुडालेल्या पाळ्यांमुळे घराचा हप्ता मात्र या महिन्यात अर्धाच भरू शकेन. माझ्यासाठी पाहिलेल्या स्थळाकडे काय कळवायचे ते तुम्ही ठरवा, फक्त खोटे सांगू नका. ताईला माझ्यावर रागावू द्या.

आपला,
सुहास