नेमेचेकचं नाव आणि तीन बुडक्या: बाईंना आभारपत्र

आदरणीय बाई,

फेरेंत्स मोलनार यांची पाल स्ट्रीटच्या मुलांवरची १९०७ची हंगेरियन कादंबरी कशी वाचून दाखवायची, हे तुम्ही आमच्या वाचनगटाला शिकवलंत. त्याबद्दल मनापासून आभार.

बुडापेस्टमधल्या एका मोकळ्या पटांगणासाठी, म्हणजे ‘ग्रुंड’साठी, पोरांच्या दोन टोळ्या लढतात, हे कुणीही सांगेल. तुम्ही नावांपासून सुरुवात केलीत. पाल स्ट्रीटच्या पोरांच्या सेनापतीच्या नावाचा उच्चार ‘बोकॉ’च्या जवळचा. तो ‘बोका’ वाचला, की मुलं हसत सुटतात आणि त्याचा दरारा पहिल्याच पानावर जातो.

खरा पेच नेमेचेकचा. सैन्यात सगळे अधिकारी, हा एकटा शिपाई. खिडक्यांची पुट्टी जमवून ती वाळू नये म्हणून चघळत राहणारं पोरांचं मंडळ त्याला भित्रा ठरवतं आणि वहीत त्याचं नाव छोट्या लिपीत, म्हणजे पहिलं अक्षरही मोठं न करता, लिहितं. देवनागरीत छोटी-मोठी लिपी नाही, त्यामुळे हा अपमान मराठीत निसटतो. त्या जागी तळटीप देऊ नका, म्हणालात; फळ्यावर रोमन लिपीत नाव दोन्ही तऱ्हांनी आधीच लिहून ठेवा, नाहीतर शेवटी मोठ्या अक्षरांतलं माफीपत्र घेऊन मंडळ उशिरा दारात येतं, तेव्हा ऐकणाऱ्याला काहीच टोचत नाही.

तीन बुडक्यांचा तक्ताही तुमचाच. पहिल्यांदा नेमेचेक होडीतून तळ्यात पडतो. त्याच संध्याकाळी तो काचघरातल्या हौदात लपतो. तिसऱ्या वेळी लाल शर्टवाले, म्हणजे शत्रूची टोळी, त्याला मुद्दाम बुडवतात. पुढे ‘कोणामुळे भिजला?’ आणि ‘नंतर मान कोणी दिला?’ असे दोन रकाने. ते भरताना कळतं, की शत्रूचा म्होरक्या आच फेरी त्याला सलामी द्यायला लावतो, आणि घरचं मंडळ मात्र अजून त्याला गद्दारच धरून आहे. मुलं शत्रूला फितूर झालेल्या गेरेबला खलनायक ठरवून मोकळी होतात, तेही इथेच अडतं. कारण ‘माझा मुलगा गद्दार आहे का?’ असं गेरेबच्या वडिलांनी विचारल्यावर, भिजून तापानं फणफणलेला नेमेचेकच खोटं बोलून त्याला वाचवतो.

आणि वाचन नेमेचेकच्या मृत्यूपाशी थांबवू नका, हे बजावलंत ते फार बरं झालं. तिथे थांबलं तर ती नुसती शूर पोराची गोष्ट उरते. त्याच संध्याकाळी बोकॉला रखवालदाराकडून कळतं, की ग्रुंडवर इमारत उभी राहणार आहे. ज्या जागेसाठी पोर गेलं, ती जागा त्यांची कधी नव्हतीच. ते पान संपल्यावर पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, हा तुमचा नियम आम्ही पाळतो.

आपले,
वाचनगटातले सगळे