‘जिझुरी’ मोहोरेबद्दल

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. जपानी चित्रकार हिरोशी योशिदाच्या, लाकडी ठशांवरून छापलेल्या चित्रांच्या समासातली ‘जिझुरी’ ही दोन अक्षरांची मोहोर म्हणजे ‘स्वतः छापलेलं’, मग त्याने कोरणारे आणि छापणारे पगारावर कशाला ठेवले होते, असं तू विचारलंस. शब्दशः घेऊ नकोस. प्रत्येक कागद काही त्याने स्वतः घासलेला नाही. छापणाऱ्याच्या डोक्यावर उभं राहून रंगाचा प्रत्येक थर पसंत केला, एवढाच तिचा अर्थ.

हे नवीनच होतं. मूळचा तैलरंग-जलरंगवाला योशिदा (1876–1950) 1920 मध्ये वातानाबे शोझाबुरो या प्रकाशकाकडे ठशांच्या कामाला लागला. तिथली रीत जुनी: चित्रकाराने रेखाटन द्यायचं, कारागीर आणि पैसा प्रकाशकाचा. सात चित्रं झाली आणि 1 सप्टेंबर 1923 च्या भूकंपानंतरच्या आगीत त्यांच्या कोरलेल्या लाकडी पाट्या जळाल्या. 1925 मध्ये, एकोणपन्नासाव्या वर्षी, त्याने स्वतःची कार्यशाळा काढली. मधल्या प्रकाशकाची गरजच उरली नाही.

आता काम कसं चालतं ते बघ. पातळ कागदावरचं रेखाटन डोंगरी चेरीच्या पाटीवर उलटं चिकटवतात, मागचे तंतू बोटाने हळूहळू चोळून काढतात आणि तेलाचा हात देतात, म्हणजे रेघ स्वच्छ दिसते. रेघेच्या दोन्ही कडा सुरीने कापायच्या, मधलं लाकूड पटाशीने उडवायचं. पाटीच्या एकाच कडेला दोन खुणा ठेवतात, कोपऱ्यात काटकोनी आणि थोडं पुढे सरळ. कागद आधी कोपऱ्यात टेकवायचा, मग सरळ खुणेला लावायचा. या रेघांच्या पाटीवरून खुणांसकट प्रती काढून त्या रंगांच्या पाट्यांवर चिकटवतात, त्यामुळे सगळ्या पाट्या एकमेकींशी जुळतात.

खरा घोळ छापताना होतो. कागद कोझो झाडाच्या सालीचा, त्याला सरस आणि तुरटीचं पाणी दिलेलं. हे कमी पडलं तर रंग फुटतो. तुरटी जास्त झाली तर कागद कडक होऊन पुढे तुटतो. छापण्याआधी कागद ओलसर करून थप्पीत दाबून ठेवतात. ही ओल शेवटच्या थरापर्यंत टिकवावी लागते, कारण वाळला की कागद आक्रसतो आणि रंग रेघेबाहेर पडतो. मग खुणेत लाकडाची बारीक कपची बसव, नाहीतर खूण किंचित तास, असे उपाय. पाटीवर रंगाबरोबर तांदळाची थोडी खळ घालून ब्रशने पसरतात. खळ कमी पडली की रंगावर तीळ सांडल्यासारखे ठिपके उठतात. रंग जास्त झाला की कडांना साचतो. वरून कागद ठेवून ‘बारेन’ने घासायचं. ही गोल तबकडी; आत बांबूच्या कोंबावरच्या सालीच्या दोरीची गुंडाळी, बाहेरून त्याच सालीचं वेष्टन. आकाशातली फिकट होत जाणारी छटा मात्र पाटीत नसतेच. ब्रशच्या एका टोकाला पाणी, दुसऱ्याला रंग, बाकी हाताचा अंदाज. दर कागदाला नव्याने.

जुन्या चित्रांत दहा-पंधरा थर पुरायचे. योशिदाचे सरासरी तीसेक, आणि 1937 च्या ‘योमेइमोन’ला, म्हणजे निक्कोच्या देवळाच्या दरवाजाच्या चित्राला, तर 96! त्यात करड्याचे थर पुष्कळ. जपानीत या रंगाला ‘नेझुमी’ म्हणजे उंदरीच म्हणतात, आपल्यासारखंच. रंगांखाली करडा दिला की सावलीला वजन येतं. ही त्याची तैलरंगातली सवय. मला विचारशील तर ‘योमेइमोन’ थोडं जडच झालंय.

1926 ची शिडाच्या होड्यांची चित्रं आधी बघ. पाट्या त्याच, फक्त रंग बदलून सकाळ, धुकं, संध्याकाळ, रात्र. छापताना चित्रकार शेजारी का हवा, ते तिथे कळतं. 1930 च्या हिवाळ्यात तो मोठ्या मुलाला, तोशीला, घेऊन भारतात आला होता. ताजमहालाबरोबर आपल्या अजिंठा-वेरूळवरही त्याचे ठसे आहेत.

विकत घेणार असशील तर मोहोर बघ आणि खालच्या समासातली पेन्सिलीची सही बघ. त्याच्या मृत्यूनंतर त्याच पाट्यांवरून काढलेल्या प्रतींवर जिझुरी नसते, सहीही छापील असते. चित्र काचेच्या चौकटीत असेल तर समास पुठ्ठ्याखाली दडलेला असतो. उघडून दाखवायला सांग. आणि घरी उन्हात टांगू नकोस.

तुझा,
विनय