पोस्टमनदादास, आत्याच्या वतीनं

पोस्टमनदादा, नमस्कार.

आत्याची तेरवी परवा झाली. तुम्ही ड्युटीवरूनच आला होता, मांडवाच्या कडेला उभे राहिलात आणि न जेवताच निघून गेलात. बोलायचं होतं ते राहिलंच, म्हणून हे पत्र.

तुम्ही आमच्या गावचे नाही. गाव तिला नर्सबाई म्हणायचं हेही तुम्हाला ठाऊक नव्हतं. जिल्हा परिषदा आल्या १९६२ साली, तिची नोकरी त्याच्याही आधीची. दारव्ह्याकडच्या खेड्यांतून ती सायकलनं फिरायची. बाई सायकलवर बसते म्हणून आधी गाव हसलं, मग रात्री-अपरात्री त्याच सायकलची वाट पाहायला लागलं. लग्न झालं होतं, टिकलं नाही. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, आम्हीही विचारलं नाही. स्वतःच्या पैशानं दोन खोल्या बांधल्या, दोन एकर वावर घेतलं, आणि ८५ व्या वर्षी न्हाणीत घसरून पडेपर्यंत एकटी राहिली. त्यानंतर मी राहायला आले तर म्हणे, "भाडं देशीन का?"

मागच्या वर्षी हयातीच्या दाखल्यासाठी आम्ही तिला ऑटोत उशा लावून बँकेत नेलं होतं. दहाही बोटं लावून पाहिली, मशीनवर एकही उमटेना. उमटणार कशी? ३६ वर्षं उकळत्या पाण्यातून सुया-सिरिंजा काढल्या आणि रिटायर झाल्यावर स्वतःच्या वावरात कापूस वेचला, तीच ही बोटं. खिडकीतल्या माणसानं मान वर न करता मला विचारलं, "ह्या जिवंत आहेत याला दुसरा काही पुरावा?" ती माझ्या शेजारीच वॉकर धरून उभी होती! चार महिने पेन्शन अडकली. निम्म्या गावाचा जन्म जिच्या रजिस्टरात लिहिलेला, तिनं... जाऊ द्या.

या नोव्हेंबरात त्याच दाखल्यासाठी तुम्ही घरी आलात. बोटांचा नाद सोडून मोबाइल काढलात आणि म्हणालात, "माय, इकडं पाहा, डोळे मिचकावा." तर तिला आधी पातळ बदलायचं होतं. फाटक्या पातळात सरकारी फोटो? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण तुमची पिशवी भरलेली दिसत होती. "थांबतो ना माय," म्हणालात, स्टूल उचलून अंगणाकडे तोंड करून बसलात. मी तिचे केस विंचरेपर्यंत एकदाही मागे पाहिलं नाही की घड्याळ पाहिलं नाही. काम झाल्यावर तिनं बटव्यातून शंभराची नोट काढली, तुम्ही ७० रुपये घेऊन ३० परत दिले. "राहू द्या" म्हणाला असता तर ती रागावली असती. हे तुम्हाला कसं कळलं कोण जाणे.

मग तिनं तिचा नेहमीचा प्रश्न टाकला. "लेकरू केवढं हाये तुयं?"

"दहा महिन्यांचं."

"गोवराची देल्ली का? नऊ मयने झाले का द्या लागते."

तुम्ही ओशाळून हसलात. राहून गेली होती.

तिच्यासाठी तो साधा प्रश्न नव्हता. गोवर आला की लोक देवी अंगात आली समजून दवाखान्यात न्यायचे नाहीत, लिंबाचा पाला टांगून बसायचे. त्या घरांतली लेकरं तिनं जाताना पाहिली होती. १९८५ मध्ये सरकारी कार्यक्रमात गोवराची लस आली तेव्हा ती पन्नाशीला टेकली होती. तरी बर्फ वितळायच्या आत पोचायचं म्हणून थर्मास हँडलला लटकवून उन्हात सायकल दामटायची. देवीच्या रोगाच्या साथी पाहिलेली बाई ती. १९७५ मध्ये देशातला शेवटचा रोगी सापडला, हे ती घरचं कार्य पार पडल्यासारखं सांगायची.

आणि आठ दिवसांनी तुम्ही फाटकाशी आलात. आमचं टपाल नव्हतं. गाडी बंदही केली नाही, तिथूनच ओरडलात, "माय, गोवराची देऊन आलो!" आणि गेलात.

दादा, रिटायर झाल्यापासून तीस वर्षांत तिला असा रिपोर्ट कोणी दिला नव्हता. लोक पाया पडायचे, तुरीच्या शेंगा आणून द्यायचे, पण नर्सबाई म्हणून तिला जाब कोणी देत नव्हतं. बँकेला पुरावा हवा होता ना? त्या दिवशी तिच्या तोंडाकडे पाहायला हवं होतं. मला पेटीतलं जुनं रजिस्टर काढायला लावलं, चष्मा पुसला, आणि थरथरत्या हातानं दोन ओळी लिहिल्या. पंधरा दिवसांनी झोपेतच गेली.

रजिस्टर माझ्यापाशी आहे. लेकराचं नाव विचारायचं राहिलं म्हणून तिनं नुसतं "पोस्टमनचं लेकरू" लिहिलंय. त्यापुढे "गोवर, दिली." खालच्या ओळीत "दुसरा डोस, सोळा महिने झाल्यावर", म्हणजे मे महिन्यात. त्यापुढची जागा कोरी आहे. डोस दिला की फाटकाशी गाडी थांबवून आवाज द्या, मी लिहीन.

तुमची,
नर्सबाईची भाची