नवीन कॅप्सूल घेण्याआधी

चि. समीर यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर नायट्याचं बोललास. त्वचेच्या डॉक्टरांनी इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल दिल्यात, पण त्यांना कोलेस्टेरॉलच्या गोळीचं सांगितलंच नाहीस. "ती काय, रोजचीच आहे," म्हणालास. बाळा, रोजची आहे म्हणूनच सांगायची. मेडिकलच्या काउंटरवर मी हेच पाहत आलो. एक चिठ्ठी हार्टच्या डॉक्टरांची, एक त्वचेच्या डॉक्टरांची, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही.

तुझी कोलेस्टेरॉलची गोळी, अटोरव्हास्टॅटिन, शरीरात ज्या एन्झाइममुळे मोडते, तेच इट्राकोनॅझोल अडवतं. मग गोळी तेवढीच, पण रक्तात औषध साचतं कितीतरी जास्त. त्याचा मार स्नायूंना बसतो. मांड्या-पोटऱ्या ठणकतात, जिना चढवत नाही. फारच वाढलं तर स्नायू मोडायला लागतात, लघवी कोऱ्या चहासारखी होते आणि किडनीवर येतं. असं क्वचितच होतं, पण तसं दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. खोकल्या-तापात क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं तरी हाच धोका, तेव्हाही विचारायचं.

कोलेस्टेरॉलची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नकोस. कोर्सपुरती थांबवायची, डोस कमी करायचा की नायट्यालाच दुसरं औषध द्यायचं, ते डॉक्टर ठरवतील.

आणि चतुर्थीला येशील तेव्हा माटवीच्या, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळांतल्या, पपनसाकडे बघू नकोस. मीठ-साखर लावून अख्खं संपवायचास, ठाऊक आहे मला. पण ग्रेपफ्रूट आणि पपनस दोन्ही आतड्यातलं तेच एन्झाइम बंद पाडतात, आणि परिणाम दिवसभराहून जास्त टिकतो. म्हणून सकाळी फळ, रात्री गोळी असं करूनही भागत नाही. संत्री, मोसंबी खुशाल खा.

आई पपनस खाते म्हणून तू खाऊ नकोस. तिची कोलेस्टेरॉलची गोळी वेगळी, रोसुव्हास्टॅटिन, तिला पपनसाची अडचण नाही. तिचं पथ्य वेगळं: ॲसिडिटीचं पातळ औषध त्या गोळीनंतर दोन तासांनी, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. मित्रांत गोळ्यांची अदलाबदल करता, तीही म्हणूनच नको.

डॉक्टरांना आजच फोन कर, तोवर कॅप्सूल सुरू करू नकोस. दोन्ही पट्ट्यांचे फोटो मला पाठव आणि ते काय म्हणाले ते रात्री कळव. मी जागा आहे.

तुझा,
बाबा